सोळावं नाव

कोणतंही पुस्तक हातात पडलं की बाइंडरकाका आधी त्याचं शेवटचं पान उघडायचे. कव्हर बघायचे नाहीत, लेखकाचं नाव बघायचे नाहीत, थेट मागच्या दारानं आत शिरायचे. शेवट जागेवर दिसला की "हाये बाप्पा, हाये" असं पुटपुटून पुस्तक मांडीवर ठेवायचे. नसला तर चेहरा उतरायचा. घरचं माणूस गावाला गेलंय आणि पोचल्याचा फोन आला नाही, अशी त्यांची अवस्था व्हायची.

मी वणीच्या एका वाचनालयात कामाला होते, अजूनही आहे. फाटलेली पुस्तकं पिशवीत भरून काकांकडे न्यायची आणि शिवून झालेली परत आणायची, हे माझ्याकडे आलेलं काम. आधीच्या बाईंनी ते माझ्या गळ्यात घालताना सांगितलं होतं, "माणूस चांगला आहे, पण चारच्या पुढे दुकानात सापडत नाही." हे मी विसरले आणि पहिल्याच दिवशी साडेचारला बंद दारासमोर उभी राहिले. शेजारच्या पानठेलेवाल्यानं मैदानाकडे नुसतं बोट दाखवलं.

दुकान म्हणजे मैदानाच्या फाटकाला लागून असलेली एक खोली. आत खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांची थप्पी, दोऱ्याची रिळं आणि कोपऱ्यात हॉकीच्या स्टिका. पुस्तकाची पाठ बांधायचं कापड काका स्टिकच्या मुठीला गुंडाळून द्यायचे. त्यांनी बांधलेली मूठ घामानं सुटत नाही अशी गावात ख्याती होती. "पुस्तकाची पाठ आन खेळाडूची मूठ, दोनी ढिल्या नोको," असं म्हणत ते दोरा दातानं तोडायचे. त्यांच्या बायकोनं कात्री घेऊन दिली होती. ती खिळ्याला लटकलेली असायची, शोभेला.

तर त्या दिवशी मी चिडून मैदानात गेले. गोलपोस्टच्या मागे तीन पायऱ्या होत्या, त्यावर हॉकीचं येड लागलेली मंडळी बसायची. काका मधल्या पायरीवर होते. मी रजिस्टर पुढे केलं तर म्हणाले, "बसा बाई. हाफटाइमले सही देतो." हाफटाइमपर्यंत मला खेळातलं काही कळलं नाही, आणि हाफटाइम झाल्यावर मी थक्कच झाले, कारण सगळे एकदम कादंबऱ्यांवर बोलायला लागले. तो काकांचा नियम होता. खेळ चालू असताना खेळावर कितीही भांडा, हाफटाइमला फक्त पुस्तकं. पूर्वी एकदा हाफटाइमलाच मारामारी होऊन दुसरा अर्धा कुणी पाहिलाच नव्हता म्हणे, त्यावरचा हा उपाय. आणि पुस्तकं म्हणजे बेटं, भुयारं, बुडालेली जहाजं आणि जंगलातले खजिने. प्रेमकथा कुणी काढली तर काका हात जोडायचे, "थे घरी."

पायरीवरची दोन माणसं तुम्हाला सांगायला हवीत. एक शंकर, कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. खाणीवर भराईच्या लायनीत तीन-तीन तास ट्रक उभा असायचा, तेवढ्यात हा अर्धी कादंबरी संपवायचा. त्याच्याकडून आलेल्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर काळ्या अंगठ्याचा ठसा असायचा, वाचनालयाच्या शिक्क्यापेक्षा ठळक. दुसरे मेश्राम गुरुजी, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. बोलायचे कमी आणि प्रत्येक वाक्याच्या आधी चष्मा पुसायचे. मी तिसरी. सही मिळाली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा का गेले, हे घरी कुणाला पटेल असं सांगता आलं नाही.

या लोकांचा कायमचा वाद होता देवराववरून. देवराव आमच्या गावच्या संघाचा सेंटर हाफ. खाणीत नोकरीला. वीस वर्षं त्यानं मैदानाचा मधला पट्टा सांभाळला होता. मी पाहिला तेव्हा तो चव्वेचाळीसचा होता, उजवा गुडघा पट्ट्यात बांधलेला. बॉल आला की काय करायचं ते त्याला सगळ्यांच्या आधी कळायचं, पण पाय तिथे पोचेपर्यंत समोरचा पोट्टा निघून गेलेला असायचा. शंकर उघड बोलायचा, "काका, आता बास झालं. देवरावभाऊ पयतच नाई, चालून राह्यला." काका मैदानावरची नजर न हलवता म्हणायचे, "पयनारे लय हायेत. कुठी पयायचं थे कोन सांगन?" गुरुजी चष्मा पुसून म्हणायचे, "दोघंही बरोबर." त्यावर दोघंही गुरुजींवर घसरायचे.

काकांचा देवराववर जीव होता. नात्याचा नव्हता तो त्यांच्या. सतरा वर्षांचा असताना मोडकी स्टिक जोडून घ्यायला आला होता, म्हणजे जोडता न येणारी गोष्ट जोडायला. काकांनी त्याला नवी स्टिक दिली आणि मोडकी ठेवून घेतली. पुढे देवरावचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, तरी खाणीवरून सुटला की आधी दुकानाच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. दोघं फारसं बोलत नसत. एक शिवायचा, एक बघायचा.

एका हिवाळ्यात हाफटाइमला शंकर आणि गुरुजींची जुंपली. नदीच्या पुरावरची एक कादंबरी होती. खजिना शोधायला निघालेल्या चौघांना एक म्हातारा नावाडी पुरातून पलीकडे नेतो. गुरुजी म्हणाले, "शेवटी म्हातारा बुडतो तो प्रसंग काय लिहिलाय!" शंकर म्हणाला, "बुडते कुठी? थो तं काठावर येऊन बिडी पेटवते!" आवाज इतका चढला की पंचानं शिटी तोंडातून काढून आमच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी वाचनालयातल्या दोन्ही प्रती घेऊन गेले. एकीत म्हातारा बुडाला होता. दुसरीत शेवटची सहा पानं हातानं लिहिलेली होती, इतक्या देखण्या अक्षरात की वाचणाऱ्याला ती छापील नाहीत याचं भानच राहू नये, आणि त्यात म्हातारा ओल्या काड्यांनी बिडी पेटवत होता.

"काका?" मी म्हटलं.

"पानं नव्हती," काका म्हणाले. "मले गोष्ट पाठ होती. लिवून टाकली."

"पण म्हातारा तर मरतो ना?"

"मरते खरा," ते खाली बघत म्हणाले. "पन दोन दिवस कलम हातात धरून बसलो बाई. हात नाई चालला."

मग मी कपाटं धुंडाळली. काकांच्या अक्षरातले अकरा शेवट निघाले. कुठे भुयारात अडकलेला कुत्रा बाहेर आला होता, कुठे बेटावर मागे राहिलेल्या खलाशाला बोट घ्यायला परत आली होती. वाचकांपैकी एकानंही तक्रार केली नव्हती. मीही केली नाही. नियमानं करायला हवी होती, पण मला ते फार गोड वाटलं, आणि ते गोड वाटलं यात माझीही चूक होती असं आज वाटतं. शंकर मात्र पुढच्याच हाफटाइमला नियम मोडून बोलला, "काका, पुस्तकातला म्हातारा तुमच्या कलमेनं वाचते. मैदानात नाई वाचत."

त्या अक्षरामुळेच संघाची यादी काका लिहायचे. स्पर्धेला जायच्या आधी प्रशिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, नावं चिठ्ठीवर देत. काका ती मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवत आणि दुकानाच्या दारावर लावत. आणि एकदा लागलेल्या यादीवर रेघ मारायची नाही, हा गावाचा रिवाज. लागली म्हणजे लागली. त्या वर्षी यवतमाळच्या स्पर्धेला सोळा जणांची मुभा होती. यादी लागली, सोळा नावं होती, सोळावं देवरावचं. लोकांनी वाचली, कुणी हसलं, कुणी मान हलवली. मास्तर आले, यादीसमोर बराच वेळ उभे राहिले, आणि काही न बोलता निघून गेले. ते असे का गेले हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

आम्ही पायरीवाले एसटीनं मारेगाव, करंजी करत यवतमाळला गेलो. दोन सामने देवराव बाहेर बसूनच होता, आणि आपण जिंकत होतो. उपांत्य सामन्यात आपल्या तरण्या सेंटर हाफचा घोटा मुरगळला. मास्तरांकडे त्या जागेसाठी दुसरं कुणी नव्हतं. देवराव पट्टा आवळून आत गेला.

त्या वीस मिनिटांबद्दल मला जास्त लिहायचं नाही. समोरच्यांना मधला पट्टा मोकळा सापडला. दोन गोल त्याच्या डोळ्यांदेखत गेले. तिसऱ्याच्या वेळी तो अडवायला वळला आणि गुडघ्यातून खाली बसला, कुणी ढकललं नसताना. तेव्हा ओरडणारे समोरचे नव्हते, आपल्या गावचेच होते. "म्हातारबा, जागा सोड!" "घरी बस, नातू खेळव!" काका कानांवर मफलर घट्ट ओढून बसले होते.

सामना हरल्यावर खेळाडू मैदानाच्या कडेला पायाचे पॅड सोडत होते. आम्ही जवळच उभे होतो. देवराव मास्तरांना म्हणाला, "मास्तर, मले घ्याले नोको होतं तुमी. पाह्यले होते ना तुमी माये पाय." मास्तर आधीच पेटलेले. म्हणाले, "म्या कुठी घेतलं? म्या पंधराच नावं देल्ली होती. सोळावं काकाले इचार."

देवरावनं काकांकडे पाहिलं.

"म्हंजे माह्यं नावच नव्हतं?" देवराव म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, उलट फार हळू होता. "काका, मले घरी येऊन सांगतलं असतं तं म्या हासत स्टिक ठेवली असती. तुमी मायावर दया केली, आन मले लोकायच्या तोंडी देल्लं." त्यानं पॅड पिशवीत कोंबले आणि संघाच्या गाडीत न बसता एसटी स्टँडकडे चालू लागला, लंगडत. काका दोन पावलं त्याच्यामागे गेले आणि थांबले.

त्यानंतर देवराव उंबऱ्यावर आला नाही. मैदानावरही नाही. गावात बोललं जायचं की या माणसानं हट्टानं जागा अडवली, पोरांचा चान्स घालवला. चहाच्या टपरीवर, खाणीच्या गेटवर, तेच. काका त्याच्या घरी गेले. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "घरी नाईत." चपला दारातच होत्या. काका आठ दिवसांनी पुन्हा गेले, चपला तिथेच, उत्तर तेच. मला म्हणाले, "बाई, थो बरोबर हाये. मले त्याचं दुख पाहून होत नव्हतं, म्हनून म्या आपल्या मनाची सोय पायली. त्याची नाई पायली." माणूस स्वतःबद्दल इतकं सरळ बोलताना मी क्वचित ऐकलंय. त्या काळात ते पुस्तकं शिवायचे, पण शेवटचं पान नसलं तर कोरा कागद जोडायचे आणि वर लिहायचे, "पुढील पाने नाहीत."

पुढच्या दिवाळीनंतर मोसमाचा पहिला सामना झाला. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. हाफटाइमला शंकरनं सवयीनं एका भुयाराची गोष्ट काढली, तोच काका उठून उभे राहिले. गर्दीकडे तोंड करून. मी मागून त्यांचा शर्ट धरला.

"भाऊहो, आयका," ते म्हणाले. "मांगच्या वर्षी यवतमाळले देवरावचं नाव मास्तरनं नव्हतं देल्लं. थे म्या लिवलं. त्याले मालूम नव्हतं. तुमी त्याले वर्षभर जे बोलले, थे सारं मले बोला."

शेंगदाणे विकणारा होता, त्यानं न राहवून विचारलं, "पन काहून लिवलं, काका?"

"पाहावलं नाई म्हनून," काका म्हणाले. "दुसरं काई कारन नाई."

मास्तर समोरच होते. ते म्हणाले, "काका, आता यादी तुमच्याकडे नाई देत मी." "नोकोच देऊ," काका म्हणाले आणि खाली बसले. पुन्हा खेळ सुरू झाला. पाचेक मिनिटं गेली असतील. फाटकापाशी सायकल धरून एक माणूस उभा होता, खाणीचा निळा शर्ट घातलेला. सायकल भिंतीला लावून तो पायऱ्यांशी आला. देवराव होता. त्यानं कुणाकडे बघितलं नाही. "सरका थोडे," एवढंच काकांना म्हणाला, आणि काका सरकले. मला रडू आलं आणि ते लपवायला मी फार प्रयत्नही केला नाही. शंकर मात्र धूळ गेली म्हणाला डोळ्यात. वणीत हे नेहमीच खरं असतं.

मग देवराव पायरीवरचाच झाला. हाफटाइमला त्याची पंचाईत व्हायची, कारण त्यानं आयुष्यात एक कादंबरी वाचली नव्हती. काका त्याला तोंडी सांगायचे. "थो नावाडी शेवटी मरते का?" असं त्यानं एकदा विचारलं. काका म्हणाले, "मरते बाप्पा. पन चवघायले पलीकडे सोडून मरते." देवराव म्हणाला, "मंग ठीक हाये."

काकांना काचबिंदू होता. आधी बॉल दिसेना, मग खेळाडू. दुकान बंद झालं, पायरी सुटली नाही. आम्ही शेजारी बसून सामना सांगायचो. शंकर खूप गोड सांगायचा, "एकदम दाबून ठेवलं काका आपल्या पोट्ट्यायनं!" पण लोकांच्या आवाजावरून काकांना खरं कळायचं, आणि ते देवरावच्या बाजूला कान करायचे. देवराव जसं असेल तसं सांगायचा. "लेफ्ट हाफ झोपला हाये. गोलपुढच्या डी पावेतो आले. गेला. गोल." वाईट बातमी इतक्या शांतपणे ऐकणारा आणि इतक्या सरळपणे देणारा, अशी दोन माणसं मी एका पायरीवर दुसरीकडे पाहिली नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. काका महिनाभर अंथरुणाला खिळलेले होते. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं होतं, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं होतं. त्या दुपारी आपल्याच मैदानावर पुसदच्या संघाशी अंतिम सामना होता. तो संपल्या संपल्या मी, शंकर आणि देवराव काकांच्या घरी गेलो. सूनबाई दारातच आडवी आली. हळू आवाजात म्हणाली, "सकाळपासून तेच इचारून राह्यले. जिंकलो म्हनून सांगजा. आता कायले दुखवायचं?" शंकर लगेच म्हणाला, "हाव, जिंकलोच म्हनू." मीही मान हलवली. खरं सांगते, मीही खोटंच बोलले असते.

देवराव आत गेला. खाटेच्या कडेला बसून त्यानं काकांचा हात हातात घेतला.

"काका, हारलो."

दारात सूनबाईनं तोंडावर पदर घेतला. काकांचे डोळे मिटलेलेच होते. ओठ तेवढे हलले.

"किती?"

"चार-एक."

मग काकांच्या चेहऱ्यावर थोडा उजेड आल्यासारखं झालं. "थो एक कोनं मारला?"

देवरावनं सांगितलं. तांड्यावरचा नवा पोरगा होता, पहिल्याच मोसमाचा. मधून बॉल घेऊन निघाला, दोघांना चकवलं, पास द्यायची जागा असताना दिला नाही, ती त्याची चूक, पण मारला तो असा मारला की गोलकीपर जागेवरून हललासुद्धा नाही. देवरावनं ते हातानं काकांच्या तळव्यावर काढून दाखवलं, कुठून निघाला, कुठे वळला. काका तळवा उघडा ठेवून ऐकत होते.

"बेस," ते म्हणाले. "आता थे चार सांग. कसे गेले?"

देवरावनं चारही सांगितले, एकेक करून, कुणाची चूक कुठे झाली त्यासकट, आणि त्यातलं काही गाळलं नाही.